विळ्यासारखा उजेड

जठराच्या कॅन्सरचे पेशंट. पासष्टीचे काका, तपासणीसाठी गावाहून मुलाकडे आलेले. साखरेच्या नेहमीच्या पेट स्कॅनवर काही नीट उमजेना, म्हणून फॅपी-पेट ठरलं, म्हणजे वेगळं इंजेक्शन देऊन काढायचा पेट स्कॅन. त्यातलं किरणोत्सारी गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे आमची सगळी धावपळ घड्याळाकडे बघत.

हे इंजेक्शन शोधतं फॅप नावाचं प्रथिन. फायब्रोब्लास्ट, म्हणजे शरीरात आधाराचे तंतू विणणारी पेशी, नुसती बसून असली की ते तिच्या पृष्ठभागावर जवळजवळ नसतं; डागडुजीला जुंपली की उगवतं. कॅन्सरच्या गाठीभोवती अशा पेशी भरपूर, म्हणून गाठ उजळते. निरोगी हृदय मात्र काळंच राहतं.

काकांचं राहिलं नाही. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची पुढची भिंत विळ्यासारखी झळकत होती. सीटी आणि पेट जुळवताना गडबड झाली असेल म्हणून परत जुळवलं. विळा जागचा हलेना.

बाहेर जाऊन विचारलं, "काका, महिनाभरात छातीत दुखलं होतं का?"

"छे! गॅस झाला होता एकदा."

"गॅस कसला?" काकू म्हणाल्या. "रात्रभर घामाघूम होऊन बसले होते. ओवा-सोडा दिला मी."

दुपारीच ईसीजी आणि टूडी एको झाले. पुढची भिंत धड हलत नव्हती. तो गॅस नव्हता, हार्ट अटॅक होता. ठरलेली केमो थांबवली. तिच्यातलं फाइव्ह-एफयू हे औषध कधीकधी स्वतःच हृदयाच्या धमन्या आकसवतं. या हृदयावर ते गेलं असतं तर, हा विचार मला अजूनही नकोसा वाटतो.

"मॅडम, म्हणजे हा व्रणच दिसतोय ना?" रेसिडेंटनं विचारलं. व्रण नव्हे, तो बांधणारे गवंडी, म्हणजे त्याच फायब्रोब्लास्ट पेशी. जुना, पक्का झालेला व्रण या स्कॅनवर फारसा उजळत नाही. सुरुवातीला गवंडी हवेतच, नाहीतर मेलेली भिंत फाटायची. पण त्यांचा उजेड बरेचदा मेलेल्या भागाच्या पलीकडेही पसरलेला दिसतो, आणि हात थांबले नाहीत तर धडधाकट स्नायूही ताठर होतो.

चार दिवसांनी काकांना चित्र दाखवलं. "या गवंड्यांना हाकलता नाही येत?"

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये फॅप ओळखणाऱ्या टी-पेशी (शरीराच्या संरक्षक पेशी) सोडून या गवंड्यांनी हृदयात विणलेलं तंतुजाल कमी केलं होतं. २०२२ मध्ये तर एमआरएनएचं, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूचं, इंजेक्शन देऊन शरीरातच तशा पेशी तात्पुरत्या घडवल्या. पण दोन्ही वेळा उंदरांमध्ये, हेही मी सांगितलं.

"उंदीर होय!" काका म्हणाले. "आमच्या माळ्यावर आहेत ते कसले धडधाकट. त्यांना कशाला औषध?"