आमची वाटचाल : फांदी तोडली आम्ही, वायर कुणाची?

अण्णांचा धंदा जळाऊ लाकडाचा. औसा तालुक्यात बाभळी तोडायच्या, बैलगाडीनं बाजारात आणायच्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माळवदाच्या तुळया कापून ढिगारा मोकळा करायला तेही करवत घेऊन गेले होते. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "दाबून बसलेलं लाकूड कापायच्या आधी ते कुठं उसळंल ते बघावं."

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात अंगणातली जुनी झाडं उभ्या उभ्या वाळली. वाळल्या झाडावर माणूस चढवायची सोय नाही, पाय ठेवलेली फांदीच कधी हातात येईल सांगता येत नाही. अशी झाडं तोडायची कामं मात्र रोज येत होती. मग मी एका वखारवाल्याकडून जुनं कटर, म्हणजे पेट्रोलवर चालणारी चेनची करवत, घेतलं. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं ते त्यानं सांगितलं. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन झटक्यात तोंडावर येतं, हे कुणी सांगितलं नाही. ते मला सुबाभळीनं शिकवलं. डावं मनगट पुढच्या दांडीवर आदळलं, चेनचा ब्रेक लागला आणि चेन कानाशी येऊन थांबली. डोक्याला तेव्हा नुसता गमछा होता.

आता हेल्मेट, जाळी आणि कटरची पँट घातल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. त्या पँटमध्ये चिवट धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे निघून आतल्या चक्रात गुंडाळतात आणि मशीन जाम होतं. 42 अंशात ती घालायला पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

पण आम्हाला खरा दणका दिला तो एका वायरीनं. गुलमोहराची फांदी दोरानं बांधून उतरवत होतो. फोनची वायर त्या झाडातून शेजारच्या दवाखान्यात गेलेली. कधीतरी फांदीला बांधलेली, मग सालीनं निम्मी गिळलेली. खालून बघितलं तर वेलच वाटायची. फांदी सुटली आणि भिंतीवरचा खिळा उपटून वायर खाली. डॉक्टरांचा फोन बंद, नेट बंद, बाहेर पेशंट बसलेले. झाडाचे मालक म्हणाले, "तुम्ही तोडली, तुम्ही भरा." कंपनीचा माणूस तीन दिवसांनी उगवला. वायर आमची, पण नुकसान तुमचं, हे त्याचं म्हणणं. मी भरले. चूक माझीच होती, चढायच्या आधी वायर दोन्ही टोकांपर्यंत बघायला हवी होती. पण दुसऱ्याच्या झाडाला न विचारता वायर बांधणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही, हा राग अजून आहे. 1885 च्या तार कायद्यात तारेच्या आड येणारं झाड काढून घ्यायला मॅजिस्ट्रेटकडे जायची सोय होती. झाडाच्या आड आलेल्या वायरीसाठी आम्ही दारोदार फिरतो.

त्यानंतर भाव सांगायच्या आधी मालकाला घेऊन झाडाभोवती एक फेरी मारतो. प्रत्येक वायर कुठून येते, कुणाच्या घरात जाते ते बघायचं, मोबाइलवर फोटो काढायचा. कोटेशनवर लिहायचं, कुठली वायर कुणाची, कंपनीला कोण कळवणार, सोडवून कोण देणार. फोनची असो की फायबरची, वायर कंपनीचाच माणूस उतरवतो. 'फोनचीच तर आहे' म्हणून हात लावायला बंदी आहे, कारण वर कुठं ती लाइटच्या तारेला घासत असेल तर तिच्यातही करंट येतो. लाइटच्या तारांजवळचं काम असलं तर महावितरणचा लाइनमन लाइन बंद करून आर्थिंग टाकेपर्यंत शिडी गाडीवरून उतरत नाही. शहरात 1975 च्या वृक्ष कायद्यानं परवानगी लागते, ती मालकानंच काढायची. काहींना वाटतं, ती एकदा हातात आली की वायरीसकट सगळं तोडायला मोकळे.

यात गिऱ्हाइकं जातात. "वायर बघायला दोन दिवस? पलीकडचे आजच करून देतात," असं ऐकवून एकानं परवाच काम काढून घेतलं.

मृग तोंडावर आलाय. वहीत एकोणीस झाडं आहेत, त्यातल्या सातांमधून वायरी गेल्यात. पाच ठिकाणच्या सुटल्या. उरलेल्या दोन ठिकाणी कंपनीचा माणूस 'उद्या येतो' म्हणतोय, म्हणून ती झाडं अजून उभी आहेत.