सुट्टीतले पाळणाघर : आमची वाटचाल

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावात पाळणाघर काढायचे ठरले तेव्हा ‘इथे मुले सांभाळायचे पैसे कोण देणार?’ असे जवळपास प्रत्येकाने विचारले. घरी आजी आहे, गावात अंगणवाडी आहे, तेव्हा पाळणाघर हे शहरातले खूळ, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात गावातली आजीसुद्धा रोजीने निंदणाला आणि कापूस वेचायला जाते, आणि अंगणवाडी दुपारपर्यंतच चालते. शाळा चालू असते तोवर ही अडचण कोणाला फारशी जाणवत नाही, कारण शाळा मुलाला दिवसभर बसवून ठेवते आणि दुपारी खिचडीही देते. गावातले सर्वांत मोठे पाळणाघर खरे तर जिल्हा परिषदेची शाळाच असते, आणि ते नेमके मे महिन्यात बंद होते.

विदर्भात ही सुट्टी अधिक लांबते. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर भरतात. आमच्याकडे उन्हामुळे त्या जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. एवढे दिवस मुलांना मामाच्या गावी पाठवावे, तर आता मामा-मामीही कामावर असतात. मग नऊ-दहा वर्षांच्या थोरल्या मुलीवर घर आणि धाकटी भावंडे सोपवली जातात व तिची सुट्टी चुलीपाशी जाते. मुलगे भरदुपारी विहिरीवर नाहीतर पाणी साचलेल्या मुरमाच्या खदानीवर पोहायला पळतात. आमच्याकडे आलेल्या पहिल्या पालकांपैकी बहुतेकांना चित्रकला, इंग्रजी संभाषण असले काहीही नको होते. पोरगा पाण्यावर जाऊ नये आणि वेळेवर जेवावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

सरकारने लहान मुलांचा विचारच केला नाही, असे नाही. अंगणवाड्यांची योजना १९७५ पासून चालू आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सांगितले होते, तर २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आल्यास त्यांच्याकडे बघायला एक बाई नेमण्याची तरतूद होती. केंद्राच्या पाळणा योजनेतील अंगणवाडी-सह-पाळणाघरे सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहेत. मात्र या सर्वांचा हिशेब सहाव्या वर्षाशी संपतो. सात वर्षांचे मूल शाळेत असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले आहे आणि मे महिना कोणाच्याच ध्यानात आलेला दिसत नाही. म्हणूनच आम्ही पहिल्यापासून सहा ते बारा वर्षांची मुले घेतली. त्याहून लहान भावंडे सोबत आली तर त्यांना परत पाठवले नाही.

बचत गटातून कर्ज काढून जागा भाड्याने घेतली. स्लॅबचे नवे घर त्याच भाड्यात मिळत होते, परंतु आम्ही मातीच्या भिंतींचे, कवेलूचे जुने घर निवडले, कारण पारा ४५ च्या पुढे गेला की स्लॅबखालच्या खोलीत दुपारनंतर कूलरही हात टेकतो. कूलरबाबत येथे थोडे सविस्तर लिहायला हवे. ओल्या फरशीवर उभे राहून मूल त्याच्या लोखंडी पत्र्याला हात लावते आणि विजेचा धक्का बसून दगावते, अशा बातम्या आपल्या भागात दर उन्हाळ्यात येतात. त्यामुळे आमचा कूलर खिडकीबाहेर, जाळीच्या पलीकडे आहे. त्याला आर्थिंग केलेले आहे, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवलेला आहे, आणि त्यात पाणी भरायचे असेल तर मावशी आधी बटण बंद करून प्लग काढतात. समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. दहा मुलांमागे एक मावशी असते. पन्हे किंवा मीठ-साखरेचे पाणी ठरलेल्या वेळी, तहान लागो न लागो, प्रत्येकाला दिले जाते, आणि कोणी बराच वेळ लघवीला गेले नसेल तर मावशी त्याच्यावर लक्ष ठेवतात. काही आज्या नातवाच्या खिशात कांदा ठेवून पाठवतात. कांद्याने ऊन लागत नाही, असे आम्ही मानत नाही, पण तो काढूनही घेत नाही.

खरी कसरत वेळेची आणि पैशांची झाली. आरोग्य केंद्रातील परिचारिका, बँकेतील कर्मचारी, एसटीच्या वाहक यांना आपापल्या ड्यूटीप्रमाणे जागा हवी होती आणि महिन्याचे शुल्क त्या एकरकमी देत होत्या. मजुरी करणाऱ्या बायांचा दिवस निराळा असतो. उन्हाळ्यात शेतातले काम पहाटे सुरू होऊन अकराच्या आत आटोपते, जिनिंगमध्ये पाळी असते, आणि मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी हाती येतो. म्हणून आम्ही दार साडेपाचला उघडू लागलो आणि शुल्क आठवडी केले. ते बाजाराच्या संध्याकाळी घेतो. धाकट्या भावंडाला अर्धे शुल्क ठेवल्यावर, एरवी घरी थांबणाऱ्या थोरल्या मुलीही दाखल होऊ लागल्या. पगारदार पालकांपैकी काहींना मजुरांच्या मुलांबरोबर आपले मूल बसवणे रुचले नाही आणि ते सोडून गेले. आम्ही त्यांची समजूत काढण्याच्या फंदात पडलो नाही.

२०२० च्या टाळेबंदीत सगळे बंद पडले, तेव्हा कुरड्या, पापड आणि सरगुंडे विकून कर्जाचे हप्ते भरले. पुन्हा सुरू केल्यावर तालुक्याच्या ठिकाणी उन्हाळी शिबिरांचे पेव फुटले होते आणि आम्हीही नृत्य, हस्ताक्षर सुरू करावे, असा आग्रह झाला. दोन तासांच्या शिबिराने आठ तास नोकरी करणाऱ्या आईचा प्रश्न सुटत नाही, असे आमचे मत आहे. आमच्याकडे अष्टा-चंगा, कंचे, गोष्टींची पुस्तके आणि दुपारची सक्तीची झोप एवढेच असते. नवीन पालकांना आम्ही सांगतो की, कुठलेही पाळणाघर बघायचे असेल तर ते दुपारी दोन वाजता, न कळवता जाऊन बघावे. सकाळी सगळीच ठिकाणे चांगली दिसतात.

सर्वांत जास्त गर्दी आता मे महिन्यात होत नाही, ती जूनमध्ये होते. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, पाऊस पडला की कपाशीच्या टोबणीसाठी गावातली प्रत्येक बाई शेतात हवी असते आणि शाळा अजून उघडलेली नसते. त्या आठवड्यांत मावशींनाही स्वतःच्या वावरात जायचे असते. म्हणून यंदा बारावीची परीक्षा दिलेल्या गावातील मुलींना मे महिन्यातच कामावर घेऊन तयार करत आहोत. जून महिन्याची नोंदणी अक्षय्य तृतीयेपासून सुरू होईल आणि जागा भरल्या की बंद केली जाईल.