औषधाची गोळी मधेच का सुटते?

आज सांगलीत, विश्रामबागला, दोन मनोविकारतज्ज्ञांशी निवांत बोलणं झालं. दोघंही मराठीत लिहितात आणि ओपीडीही सांभाळतात. पुस्तकांचा विषय लवकरच मागे पडला आणि गाडी आली पेशंट गोळ्या मधेच का सोडतात यावर.

मॅडम म्हणाल्या, नैराश्याच्या गोळीचा गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवू शकते. आधी त्रास, मग आराम! हे कुणी नीट सांगितलंच नाही तर माणूस गोळी बंद करणारच की. म्हणून त्या चिठ्ठीच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून देतात: 'जेवणानंतर घ्या. मळमळ झाली तर घाबरू नका. बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय थांबवू नका.' बरं वाटल्यावरही साधारण ६ महिने तरी औषध चालू ठेवावं लागतं, हे घरच्यांनाही समोर बसवून सांगतात. मला हे फार मोलाचं वाटलं.

सरांकडे जत, आटपाडीकडचे पेशंट येतात, बरेचसे आधी देवऋषाकडे जाऊन. "मी रागवत नाही. रागावलो तर परत येणार नाहीत."

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय. आपली पॉलिसी उघडून वाचून बघा जरा. आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सेव्ह करा. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.