पहिलं पान गेलेल्या पुस्तकाचं साल काढताना

रद्दीतून आलेल्या जुन्या पुस्तकाचं पहिलं पान बहुतेक वेळा गेलेलंच असतं. जळगावच्या आमच्या संग्राहक मंडळात पुस्तक यादीत चढवायचं तर साल लागतं, म्हणून ते बाकीच्या खुणांवरून काढतो.

आधी किंमत. ‘रु. १-४-०’ म्हणजे सव्वा रुपया. आण्यांचा हा हिशेब १ एप्रिल १९५७च्या आधीचा. ‘नवे पैसे’ छापलं असेल तर १९५७ ते १९६४. मात्र किमतीवर चिठ्ठी डकवलेली असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नये. उरलेल्या प्रती वाढीव भावाने विकताना ती लावलेली असते. चिठ्ठी ओढली तर खालचा कागदही निघतो. पान उजेडासमोर धरलं की मूळ आकडा बहुधा वाचता येतो.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. नुसतं ‘पुणे ३०’ असा शहरातल्या टपाल विभागाचा जुना आकडा असेल तर काहीच ठरत नाही, तो लिहायची सवय पुढेही बरीच वर्षं टिकली.

प्रस्तावनेखाली शके सापडलं तर ७८ मिळवायचे. पौष ते फाल्गुनातली तिथी १ जानेवारीला किंवा त्यानंतर पडत असेल तर ७९, कारण शक पाडव्याला बदलतो. इथे नवखे हमखास एका वर्षाने चुकतात.

‘पूर्व खानदेश’ असा वाचनालयाचा शिक्का दिसला की सगळे खूश होतात. जिल्ह्याचं ते नाव १९०६च्या विभागणीपासून १९६०पर्यंतचं, पण रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरणारी वाचनालयंही असतात. शिवाय शिक्का पुस्तक कधी आलं ते सांगतो, कधी छापलं ते नाही.

‘नाहीं’, ‘घरें’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या लेखन-नियमांआधीचे. पुनर्मुद्रणात ते तसेच राहतात, म्हणून हा पुरावा सर्वांत कच्चा.

शेवटी फर्मे, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, मोजायचे. सोळापानी फर्मा असेल तर पान १७, ३३, ४९च्या तळाशी बारीक आकडा असतो. तो क्रम तुटला तर मधला फर्माच गळालाय, आणि साल कितीही जुनं निघालं तरी भाव निम्म्यावर. पुस्तक पूर्ण उलगडू नये. खानदेशातल्या उन्हाळ्यात कोरडा पडलेला कागद शिवणीपाशीच तुटतो.

एकाच खुणेवरून काढलेलं साल आम्ही यादीत कंसात, पेन्सिलीने लिहितो. दोन खुणा जुळल्या तरच शाई.