257 रुपयांचे शेअर, 258 रुपयांची ओपन ऑफर : माझा अनुभव

जून 2017 मध्ये तेजस नेटवर्क्स या बंगळुरूच्या कंपनीचा आयपीओ, म्हणजे शेअरांची पहिली सार्वजनिक विक्री, आला, तेव्हा मी 257 रुपये दराने 55 शेअरसाठी अर्ज केला आणि ते मला मिळाले. माझी सगळी नोकरी दूरसंचार क्षेत्रात, फायबर जोडण्यात आणि टेलिफोन एक्स्चेंजमधील उपकरणे चालू ठेवण्यात गेली. ब्रॉडबँडची ऑप्टिकल उपकरणे स्वतः आखून तयार करणारी भारतीय कंपनी शेअर बाजारात येते आहे, याचे मला मनापासून अप्रूप होते. ताळेबंद मी वरवर चाळला, आणि ते माझे चुकलेच. पुढे 2019-20 या वर्षी कंपनीला मोठा तोटा झाला, भाव माझ्या खरेदीच्या कितीतरी खाली गेला आणि माझे पैसे अडकून पडले.

त्यानंतरच्या वर्षभरात तेजस एखाद्या मोठ्या कंपनीशी भागीदारी करणार, या चर्चेला ऊत आला. ही चर्चा निराधार नव्हती, हे आधी सांगायला हवे. जून 2020 मध्ये भारत आणि चीनच्या सैन्यांत गलवानचा संघर्ष झाला, जुलैमध्ये बीएसएनएलची 4जी निविदा रद्द झाली, फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दूरसंचार उपकरणांच्या देशी उत्पादनासाठी 12,195 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि 15 जून 2021 पासून दूरसंचार कंपन्यांवर विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांकडूनच उपकरणे घेण्याचे बंधन आले. देशी उपकरणांना मागणी येणार, आणि ती पुरी करण्याइतके भांडवल छोट्या कंपनीकडे नसल्यामुळे कोणीतरी मोठा हात पुढे येणार, हे कोणालाही सुचण्यासारखे होते. तो हात कोणाचा आणि तो काय घेऊन येणार, याबाबत मात्र ज्याला जे वाटेल ते तो खात्रीने सांगत होता. आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात दर आठवड्याला एखाद्या नव्या परदेशी कंपनीचे नाव यायचे. एकदा एका मित्राचा फोन आला, "साहेब, पार्टनर पक्का झालाय. आत्ता सरासरी करून घ्या, नंतर हात चोळत बसाल."

मी सरासरी केली नाही, म्हणजे पडलेल्या भावात आणखी शेअर घेऊन खरेदीचा सरासरी दर खाली आणला नाही, कारण भागीदारी हा शब्द मला उपकरणांच्या बाजूने ठाऊक होता. फायबर ब्रॉडबँडमध्ये एक्स्चेंजमधील यंत्र, म्हणजे ओएलटी, एका कंपनीचा आणि ग्राहकाच्या घरातील यंत्र, म्हणजे ओएनटी, दुसऱ्या कंपनीचा असेल, तर कागदावर दोन्ही जीपॉन या फायबर तंत्राच्या एकाच मानकात बसतात. प्रत्यक्षात मात्र आम्ही कितीतरी वेळा पाहिले आहे की फायबर शाबूत असते, सिग्नल हरवल्याचा लाल दिवा लागलेला नसतो, पॉवर मीटरवर प्रकाशाची पातळी योग्य दिसते, आणि तरीही ओएनटीवरचा 'पॉन' हा जोडणीचा हिरवा दिवा स्थिर न होता मिनिटामिनिटाला लुकलुकत राहतो, कारण पलीकडचा ओएलटी त्या ओएनटीची नोंदणीच करून घेत नाही. दोन कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी नीट बोलू लागण्यासाठी महिनोन्‌महिने चाचण्या कराव्या लागतात. म्हणून 'भागीदारी' ऐकली की मी पहिला प्रश्न विचारायचो : उपकरणे जुळवण्याची, माल विकण्याची, की मालकीची? गटात त्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

उत्तर 29 जुलै 2021 रोजी आले, तेही शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरील कंपनीच्या निवेदनातून. टाटा सन्सची उपकंपनी पॅनाटोन फिनव्हेस्ट तेजसमध्ये नियंत्रण मिळेल इतका हिस्सा घेणार होती. आमच्या गटातील एकाही अंदाजात हे नाव नव्हते. त्या रात्री मी निवेदन छापून घेतले आणि पेन्सिलीने आकड्यांखाली रेघा ओढत वाचले. सुमारे 1.94 कोटी नव्या शेअरांपोटी 500 कोटी रुपये, 3.68 कोटी वॉरंटांपोटी (वॉरंट म्हणजे ठरलेल्या दराने पुढे शेअर घेण्याचा हक्क) 950 कोटी आणि आणखी 1.55 कोटी वॉरंटांपोटी 400 कोटी. सगळ्यांचा दर 258 रुपये. या तिन्ही रकमा मिळून 1,850 कोटी होतात, पण ते सगळे त्याच दिवशी येणार नव्हते, कारण वॉरंट घेताना किमतीचा चौथा हिस्सा भरायचा असतो आणि उरलेल्यासाठी जास्तीत जास्त अठरा महिन्यांची मुदत असते. हा पैसा कंपनीच्या तिजोरीत जाणार होता, माझ्यासारख्या जुन्या भागधारकाच्या खात्यात नव्हे. उलट सात कोटींहून अधिक नवे शेअर आल्यावर माझ्या 55 शेअरांचा कंपनीतील वाटा आणखी लहान होणार होता. हे कळायला मला दोन वेळा वाचावे लागले.

माझ्यासमोर दार उघडले ते ओपन ऑफरचे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या अधिग्रहण नियमांनुसार 25 टक्के किंवा त्याहून अधिक हिस्सा घेणाऱ्याला इतर भागधारकांकडून किमान 26 टक्के शेअर घेण्याची ऑफर द्यावी लागते. दर तोच, 258. चार वर्षे वाट पाहून माझ्या खरेदीपेक्षा बरोबर एक रुपया जास्त! घरी सगळ्यांचे मत पडले की मुद्दल सुटते आहे, तर देऊन मोकळे व्हावे.

ऑफरचे पत्र आले तेव्हा मी ते शेवटपर्यंत वाचले. शेअर टेंडर करायचे, म्हणजे ऑफरमध्ये द्यायचे, तर ब्रोकरमार्फत बाजाराच्या स्वतंत्र खिडकीत बोली नोंदवायची, मुदत कामकाजाचे दहा दिवस, आणि 26 टक्क्यांपेक्षा जास्त शेअर आले तर प्रमाणात घेणार. किमान दर ठरवण्याच्या पद्धतीत ठरलेला सौदा आणि घोषणेपूर्वीच्या साठ व्यवहारदिवसांच्या भावाची, उलाढालीनुसार काढलेली भारित सरासरी यांसारखे निकष असतात. म्हणजे तो दर घोषणेआधीच्या कंपनीचा होता. घोषणेनंतर भाव वरच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसातील वाढीच्या कमाल मर्यादेला, लागत गेला आणि 258 च्या बराच वर पोहोचला होता. अशा वेळी ऑफरमध्ये शेअर देणे म्हणजे हातातले पैसे सोडणे होते, पण मुद्दल सुटल्याच्या आनंदात ते करणारे दोघे मला माहीत आहेत. पत्र न वाचता ब्रोकरच्या कार्यालयात फोन करून त्यांनी होकार कळवून टाकला, याचे मला आजही वाईट वाटते.

मी ऑफरमध्ये एकही शेअर दिला नाही. 25 शेअर बाजारात विकले, त्यात मुद्दलाचा मोठा भाग सुटला, आणि 30 ठेवले, कारण नवे भांडवल कामाला लागलेले मला पाहायचे होते.

ऑगस्ट 2023 मध्ये तेजसला टाटांच्याच टीसीएसकडून बीएसएनएलच्या 4जी जाळ्यासाठी सुमारे 7,492 कोटी रुपयांची ऑर्डर मिळाली, तेव्हा गट पुन्हा जागा झाला. मी परत निवेदनच उघडले. एक लाख ठिकाणांसाठी रेडिओ उपकरणे, पुरवठा 2023 आणि 2024 या कॅलेंडर वर्षांत. ऑर्डर देणारी टीसीएस होती आणि जाळे बीएसएनएलचे होते. पुरवठ्याच्या मुदतीच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून मी तो कागद 2021 च्या निवेदनाला टाचून ठेवला.