एनएस-टू मध्ये पॅकेट नक्की जातं कसं? माझा अनुभव

एमईच्या प्रोजेक्टला गाइड सरांनी एनएस-टू (कॉम्प्युटरवर नेटवर्कची नक्कल चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सिम्युलेटर) घ्यायला लावलं. आवृत्ती 2.35, म्हणजे 2011 ची, आणि लॅबमधलं उबंटू नवं, त्यामुळे श्रीगणेशाच कंपाइल एररने. लिंकस्टेट फोल्डरमधल्या एलएस डॉट एच मध्ये 137 व्या ओळीत इरेजच्या आधी धिस-बाण (this->) लावला की जीसीसी या कंपायलरची कटकट थांबते. असो.

मला हवं होतं ते एवढंच की पॅकेट (डेटाचा तुकडा) नोडमध्ये, म्हणजे नेटवर्कमधल्या एका ठाण्यात, शिरल्यावर पुढचा रस्ता ठरवतं कोण. कोडमध्ये राउटिंग टेबल (कुठल्या पत्त्याला कुठून जायचं याची यादी) शोधत बसलो तर नोडमध्ये तसं काही दिसेचना, जिकडे तिकडे क्लासिफायर. मग क्लासिफायर डॉट सीसी मधल्या रिसीव्ह फंक्शनमध्ये सरळ एक प्रिंटएफ टाकला, मेक मारलं (म्हणजे परत कंपाइल केलं), आणि तिथून डोक्यात उजेड पडायला लागला. नोडच्या दारातच अ‍ॅड्रेस क्लासिफायर बसलेला असतो, तो फक्त डेस्टिनेशन बघतो, स्लॉट नंबर काढतो आणि त्या स्लॉटमध्ये जे ऑब्जेक्ट अडकवलंय त्याच्या हातात पॅकेट देऊन मोकळा. पत्ता दुसऱ्याचा असेल तर ते ऑब्जेक्ट म्हणजे लिंकचं तोंड, स्वतःचाच असेल तर पोर्ट क्लासिफायर, जो मग योग्य एजंटकडे (नोडवरचा पॅकेट पाठवणारा-घेणारा भाग) ढकलतो. बस. पोस्टातलं सॉर्टिंगच, पिन कोड बघायचा आणि खणात टाकायचं, खणावर चिठ्ठी कुणी लावली याच्याशी सॉर्टरला काय देणंघेणं!

चिठ्ठी लावायचं काम राउटिंगचं, आणि ते पॅकेट येतं तेव्हा होतच नाही. डिफॉल्ट स्टॅटिक राउटिंगमध्ये रन सुरू होतानाच डायक्स्ट्राच्या (जवळचा रस्ता काढायच्या) पद्धतीने सगळे रस्ते काढून स्लॉट भरून ठेवलेले असतात.

हे पटावं म्हणून पाच नोडची रिंग केली, 0 ते 4. 0 कडून 3 कडे जायचं तर जवळचा रस्ता 4 वरून. मग 1.0 सेकंदाला 4-3 लिंक पाडली आणि 2.0 ला उठवली. स्टॅटिकमध्ये ते अख्खं सेकंद ट्रेस फाइलमध्ये (पॅकेटचं काय झालं ते यात ओळीओळीने लिहिलं जातं) नुसत्या डी च्या, म्हणजे ड्रॉपच्या, ओळी, कारण स्लॉटमधल्या नोंदी कुणी बदलल्याच नाहीत. सेशन नावाचं राउटिंग लावल्यावर लिंक पडली त्या क्षणी सगळ्या नोड्सच्या नोंदी एकदम बदलल्या, निरोप-बिरोप काही नाही, सगळं वरूनच, आणि मजा म्हणजे जी पॅकेट्स तेव्हा 0 कडून 4 कडे वाटेत होती ती 4 ला पोचून परत 0 कडे फिरली आणि 1, 2 करत 3 ला गेली! खऱ्या नेटवर्कमध्ये इतकं झटपट कुठलं होतंय. डीव्हीमध्ये (डिस्टन्स व्हेक्टर राउटिंग) मात्र शेजारी-शेजारी निरोप जातात, दर 2 सेकंदांनी आणि बदल झाला की लगेच, तेही पॅकेट म्हणून ट्रेसमध्ये दिसतात, आणि निरोप पोचेपर्यंत 4 वर आलेली पॅकेट्स गेलीच. माझ्या मते प्रोजेक्टला डीव्हीच घ्या, सेशनचे आकडे बघून उगाच खूश व्हायला होतं.

आता तो कुप्रसिद्ध नो-स्लॉट एरर, म्हणजे क्लासिफायरला पॅकेटसाठी स्लॉटच सापडला नाही. स्क्रीनभर मजकूर ओततो आणि रन बंद. घाबरायचं नाही, टाइपची ओळ बघायची. तिथे हॅश-डेस्ट असेल तर त्या पत्त्याला रस्ताच नाहीये, पोर्ट असेल तर पॅकेट बरोबर घरी पोचलंय पण त्या पोर्टवर एजंट लावलेला नाही. (त्या मेसेजमध्ये क्लासिफायरच्या स्पेलिंगमधला एक आय गळलाय, शोधताना तसंच टाइप करा, नाहीतर सापडत नाही.)

नुसत्या डेस्टिनेशनऐवजी फ्लो आयडीवरही (पॅकेट कुठल्या प्रवाहातलं ते सांगणारा नंबर) वाटायचं असेल तर सोर्स, डेस्टिनेशन, फ्लो आयडी तिन्ही बघणारा हॅश क्लासिफायर आधीच दिलेला आहे, नवीन लिहीत बसू नका. मल्टीपाथ मात्र जपून. तो सारख्या कॉस्टच्या रस्त्यांवर आळीपाळीने एकेक पॅकेट टाकतो, आणि कॉस्ट डिफॉल्टने प्रत्येक लिंकला 1, डिले कितीही असो. त्यामुळे टीसीपीची पॅकेट्स मागेपुढे पोचतात, डुप्लिकेट अ‍ॅक (तीच पोच पुन्हा पुन्हा) येतात, आणि एकही ड्रॉप नसताना विंडो (पोच न येता किती पॅकेट्स पाठवायची ती मर्यादा) अर्धी होते.

आणि हो, मोठ्या रनच्या आधी तो प्रिंटएफ काढून परत मेक मारा, प्रत्येक पॅकेटला प्रत्येक नोडवर ओळ छापत बसतो तो.