यंदा पाकीट नाही

दादानं यंदा मला ओवाळणी घातली नाही. एवढंच झालंय. आठवडा होत आला तरी ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. चांगला दाढीवाला बाप्या, स्वतःचा पगार, स्वतःची गाडी, आणि भावानं पाचशेची नोट दिली नाही म्हणून तोंड पाडून बसलाय. हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

आबांच्या वर्षश्राद्धानंतरची ही पहिली दिवाळी. भाऊबीजेला ताई सकाळीच कराडहून आली. वहिनीनं सोप्यात पाट मांडले. दोन. माझ्या पाटाचा एक पाय डुगडुगत होता, तर पुतण्यानं वहीचं पान फाडून त्याची घडी खाली सारली. दादा टोपी घालून बसला. मला टोपी नव्हती, म्हणून आईनं आतून आबांची आणून दिली. ती मला मोठी होते, कानावर येते. ताईनं आधी दादाला ओवाळलं, मग मला. कुंकवाचं बोट, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन, सगळं यथासांग. हातात नारळ दिला. दादानं तिच्या ताटात साडी ठेवली, मी पाकीट ठेवलं. इथवर सगळं इतकं नीट झालं की मी मागून घेतलं असतं तरी असं मिळालं नसतं.

मग दादा उठला, टोळीच्या मुकादमाला फोन लावायचाय म्हणाला आणि अंगणात गेला.

मी पाटावरच. कशाची वाट बघत होतो ते माझ्या आधी ताईला कळलं असावं. तिनं माझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि म्हणाली, "ऊठ, फराळ गार होतोय." चिवडा-लाडू काय गार व्हायचेत!

लहानपणी मी या घरातली धाकटी मुलगी होतो, तेव्हा मीच त्याला ओवाळायचो. तेव्हाची ओवाळणी आबांच्या खिशातून त्याच्या हातात आणि त्याच्या हातातून माझ्या ताटात यायची, त्यामुळे तिचं काही विशेष नव्हतं. विशेष ते पुढं. हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली, आवाज फुटला, आणि मी काही वर्षं दिवाळीला गावाकडं फिरकलोच नाही. आबा बोलत नव्हते. (आबांचं राहू दे.) दादाचाही फोन नसायचा. पण भाऊबीजेच्या संध्याकाळी खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज यायचा. कधी ५०१, सोयाबीनला भाव लागलेल्या वर्षी १००१. सोबत शब्द नाही. मला त्याचा असा राग यायचा! अजून हा आपल्याला बहीणच समजतोय. त्या रागात त्याच रात्री बिर्याणी मागवून सगळे पैसे उडवायचो. पुढं येणं-जाणं सुरू झालं तेव्हा तो स्टँडवर सोडायला यायचा आणि गाडी हलताना शर्टाच्या खिशात नोट कोंबायचा. "ऱ्हाऊ दे, गाडीखर्चाला."

यंदा स्टँडवरही काही नाही. मी मुद्दाम खिडकीशी बसलो होतो.

आता यात तक्रार कसली करायची? मला बहीण समजू नकोस, हे मीच त्याला बजावलं होतं, फोनवर, ओरडून. त्याला पटायला वेळ लागला. आता पटलं. भावाला कोण ओवाळणी घालतो? हवं तेच झालं. मग टोचतंय काय?

आधी वाटलं, जमिनीवरून काही मनात असेल. वारसनोंद अडकली आहे ती माझ्यामुळं. दसऱ्याआधी दोघं तलाठ्याकडं गेलो होतो. भाऊसाहेबांनी रेशनकार्ड उलटंपालटं करून पाहिलं. त्यावर एक मुलगा, दोन मुली. आमच्या अर्जात दोन मुलगे, एक मुलगी. "म्हाताऱ्यांना पोरं तीन का चार?" दादा म्हणाला, तीनच. "मग ही धाकटी मुलगी कुठाय?" मी म्हटलं, मीच तो. आधार दाखवलं, राजपत्राची प्रत दाखवली, कलेक्टरांचा दाखला दाखवला. त्यांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवून कडा जुळवल्या, चष्मा पुसला आणि अगदी मदत करायच्या सुरात म्हणाले, "असं करू या का, त्या मुलीला मयत दाखवू या. मृत्यूचा दाखला तेवढा आणा."

दादाचा आवाज एरवी चढत नाही. "मयत कुणी न्हाई आमच्यात. आबा गेलेत, बाकी सगळी जित्ती हायत. तीनच हायत, मी मोजल्यात." बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावायला लागली. भाऊसाहेब म्हणाले, बघतो, वर विचारून सांगतो. अजून विचारतायत.

तो दाखला काढतानाचं सगळं त्या दिवशी पुन्हा वर आलं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं, न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांनी, लिहून ठेवलं की आपण कोण हे माणसानं स्वतः सांगायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेचा हट्ट धरणं बेकायदा. ते वाचून मी तेव्हा खोलीत एकटाच नाचलो होतो. मग आला २०१९चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा. त्यात नुसत्या प्रतिज्ञापत्रावर, तपासणीशिवाय दाखला मिळायचा खरा, पण त्यावर 'ट्रान्सजेंडर'. 'पुरुष' लिहून घ्यायचं तर शस्त्रक्रिया झाल्याचा दवाखान्याचा कागद लावून दुसऱ्यांदा अर्ज. मी दोन्ही केले. पहिला तीस दिवसांत द्यायचा म्हणायचे. कागदावरचे तीस दिवस बरेच लांब असतात. आणि त्या दाखल्यावर बदलायला मिळतं ते फक्त पहिलं नाव. मधलं आबांचं आणि शेवटचं आमच्या सगळ्यांचं, ते जिथल्या तिथं. एका परीनं बरंच झालं.

पहिला दाखला घरी नेला तेव्हा दादानं त्यावरचा शब्द वाचून हळूच विचारलं होतं, "म्हंजे आता तुला टोलनाक्यावर उभं ऱ्हावं लागणार?" त्याला माहीत असलेले सगळे तसलेच, टाळी वाजवणारे. नाहीतर आमच्या खालच्या आळीतला जोगत्या. साडी नेसून, परडी घेऊन दारात आला की आजी त्याच्या पाया पडायची, मागं वळून पोरं हसायची, पण हसल्याबद्दल मारही खायची, कारण मधे यल्लम्मा उभी. साडी नेसणाऱ्या पुरुषाला निदान देवीचा आडोसा आहे. पोरीचा पोरगा झाला तर त्याला कुठली देवी? गावात माझ्यासारख्याला नावच नाही, चांगलं नाही आणि शिवीही नाही. शेवटी कामाला आला तो बीडचा पोलीस. ललित साळवे. २०१८ साली बाईचा पुरुष होण्याच्या शस्त्रक्रियेवरून त्यांचं पेपरात रोज यायचं. आईनं ते वाचलं आणि विचारणाऱ्याला सांगायला लागली, "आमच्याचं त्यांच्यावाणीच हाय, डॉक्टरचाच घोळ होता." त्यांची वैद्यकीय गोष्ट अगदी निराळी आहे. पण आईला गल्लीत मान वर करून चालता येत होतं, मग मी कशाला बोलू?

असो. जमिनीवरून काही नाही. मला मयत दाखवू न देणारा माणूस जमिनीवरून पाचशे रुपये अडवणार नाही.

मग काय, तर परवा रात्री झोप येईना, तेव्हा जे मनात आलं ते लिहितो. लाड संपले. ते पैसे, ती खिशात कोंबलेली नोट, हा त्या घरात माझा उरलेला शेवटचा लाड होता. आईचे लाड आता नातवंडांकडं गेले. आबांनी शेवटच्या दुखण्यात 'पाणी दे रे' म्हटलं, तेवढंच. घरातल्या धाकट्या मुलीला मिळायचं ते सगळं मी आपल्या हातानं परत केलं आणि बदल्यात आलं काय? तर गावात कुणी दंडावर गुद्दा मारतं, कुणी तंबाखूची चिमूट पुढं करतं. पुरुषांना कुणी जवळ घेत नाही, हे कुणी आधी का सांगितलं नाही? इंजेक्शनाच्या परिणामांची यादी डॉक्टरांनी केवढी मोठी वाचून दाखवली होती. पुरळ, केस गळणं, रक्त घट्ट होणं. त्यात हे नव्हतं. एक वाजेपर्यंत मी असा भिजत पडलो होतो. स्वतःची इतकी कीव मला शस्त्रक्रियेनंतर, दोन्ही बाजूंना नळ्या असतानाही आली नव्हती.

मग ताईचं वाक्य आठवलं.

भाऊबीजेला दुपारी मागच्या पायरीवर बसलो होतो. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "तुला बरं झालं बाबा. आम्ही साडी घेतली नि सही केली." आणि हसली. हक्कसोडीचं, म्हणजे जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदाचं, म्हणत होती. आबांचं वर्षही व्हायचं होतं तेव्हा दादानं तिला रजिस्टर ऑफिसात नेलं होतं. पैठणी, पोरांना कपडे, दाजींना पोशाख. तिनं वाचलंही नाही. आपल्याकडं बहिणी वाचत नाहीत. २००५ पासून मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, २०२० साली सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा पक्कं केलं, पण मुलीच्या पुढं स्टँपपेपर येतो आणि मुलाच्या पुढं येत नाही. माझ्यापुढं आला नाही. मी धाकटी राहिलो असतो तर त्याच दिवशी, त्याच जीपमधून, ताईच्या शेजारी बसून मीही गेलो असतो, आणि संध्याकाळी दादानं मला पाकीट दिलं असतं. चांगलं जाडजूड.

म्हणजे हिशेब असा आहे. पाकीट ज्यांना मिळतं त्यांच्याकडून गुंठे जातात. माझं पाकीट बंद झालं, कारण माझे गुंठे राहिले. दादानं हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या हाताला ते आपोआप कळलं. स्टँपपेपर आणायला हात गेला नाही, तसाच खिशातही गेला नाही.

ताईशी यावर बोलायला हवं. कसं ते अजून सुचत नाही. माझ्या वाट्यातलं काही द्यायचं म्हटलं तर दाजी काय म्हणतील, आणि दादा काय म्हणेल... ते पुढं कधीतरी.

यावरून जळगावच्या भादलीची ती केस आठवली. अंजली पाटील, ट्रान्सजेंडर बाई. २०२१च्या ग्रामपंचायतीला महिला राखीव जागेवरून त्यांचा अर्ज नाकारला होता. औरंगाबाद खंडपीठानं तो घ्यायला लावला, आणि त्या निवडूनही आल्या. त्यात कोर्टापुढं त्यांना सांगावं लागलं होतं की यापुढं आयुष्यात फायद्यासाठी परत पुरुष होणार नाही. तेव्हा ते वाचून मी जाम चिडलो होतो. कोण फायद्यासाठी असलं करतं! आणि आता बघा. जमिनीला भाऊ, पाकिटाला बहीण. भाऊबीजेपुरती सूट मिळेल का, असा अर्ज मी कुठल्या खंडपीठापुढं करू? हसू आलं ते तिथं. अंधारात एकटाच हसलो, शेजारच्या खोलीतल्या पोरानं भिंतीवर थाप मारली.

आज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दादाचा मेसेज आला. एरवी तो फक्त सूर्योदयाची आणि पांडुरंगाची चित्रं पाठवतो. म्हणून आधी उघडलाच नाही. मग बघतो तर: "विहिरीची मोटर जळाली. भरून आणली. केबल धरून ६४०० झाले. निम्मे पाठव."

निम्मे! इतक्या वर्षांत त्या विहिरीला मी एकदाही पैसा दिलेला नाही, कुणी मागितलाच नाही. ताईला तर आजवर असला मेसेज गेला नसणार. मी तो दोनदा वाचला आणि डबा तसाच ठेवून गच्चीवर जाऊन फोन लावला. म्हटलं, केबल तर आबांनी गेल्या उन्हाळ्याच्या आधी नवी टाकली होती, मग ही कुठली? दादा म्हणाला, "ती उंदरांनी खाल्ली." म्हटलं, पावती आहे का? तो म्हणाला, "आरं, भावाला पावती मागतोस व्हय?" म्हटलं, मागतोच. आणि सोसायटीच्या कर्जाचं काय ठरलं तेही सांग, नाव लागलं की ते माझ्याही डोक्यावर येणार. तो म्हणाला, "ये की हिकडं मग, बस हिशेबाला."

३२०० अजून पाठवलेले नाहीत. आधी पावतीचा फोटो येऊ दे. आमच्या तिथला मोटरवाला कॅपॅसिटरचे भलतेच पैसे लावतो. पुण्यात तो निम्म्यात मिळतो, मी विचारून ठेवलंय.